हिरवं दिसलं म्हणजे शेवाळच?

दिवाळीआधी माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढायची, चिंचेच्या कोळाने घासायची आणि अंगणात उन्हात पालथी घालायची, हे काम आमच्या साताऱ्याच्या घरी आम्हा बहिणींकडे असे. इथे कॅमडेनमध्ये अंगण नाही, ऑक्टोबरात उन्हाचा भरवसा नाही आणि भांडीही मोजकीच उरली आहेत. देवापुढचा तांब्या, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि सासूबाईंचा एक हंडा, ज्यात आता आम्ही छत्र्या ठेवतो. यंदा मात्र मी जे तांबं सगळ्यांत मन लावून घासलं, ते यांपैकी कशाचंच नव्हतं. ते माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं होतं.

मी कॉम्प्युटरमधली नाही. भारतात सात वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि लंडनला आल्यावर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त होईपर्यंत काम केलं. परीक्षानळ्या धुण्यात आणि द्रावणं करून ठेवण्यात आयुष्य गेलं म्हणा ना. त्या सवयीचा घरात असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

टेप लावलेली टाकी

मे 2020. सगळं बंद होतं ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. माझ्या मुलाचं काम व्हिडिओ एडिटिंगचं. ऑफिस बंद झाल्यामुळे त्याला घरी ताकदवान कॉम्प्युटर हवा होता. हे नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासल्या, पण ह्यांचे हात शिवशिवायचे ते पान्ह्या-पक्कडीसाठी. बापलेकांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं आणि तीन आठवडे आम्ही सोफ्यावर बसून जेवलो.

हा कॉम्प्युटर पाण्याने थंड होणारा होता. ज्यांनी असा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोसेसर ही पोस्टाच्या तिकिटाएवढी चकती असते आणि जोरात काम करताना ती शंभर-दोनशे वॉट उष्णता टाकते. आपल्या जुन्या घरांतला शंभर वॉटचा पिवळा बल्ब आठवा, हात लावला तर चटका बसायचा. तसे दोन बल्ब एका तिकिटावर! साध्या कॉम्प्युटरमध्ये ही उष्णता पंख्याच्या वाऱ्याने काढतात. पण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून चिपवर तांब्याचा एक ठोकळा बसवतात. त्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात. एक छोटा पंप त्या खाचांतून पाणी फिरवतो, ते पाणी नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथे पंखे त्याला गार करतात, तिथून ते छोट्या टाकीत येतं आणि पुन्हा फेरी सुरू. गाडीचं इंजिनही असंच गार राहतं. पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकसुद्धा पाण्यावरच थंड होतो.

आमच्या यंत्रात बाकी सामान नवं होतं, रेडिएटर तेवढा ह्यांनी कुणाकडून तरी जुना मिळवला. "तांब्याचाच आहे, आणि अर्ध्या किमतीत!" असं दोन दिवस सांगत होते. पाणी म्हणजे त्यासाठी तयार मिळणारं रंगहीन कूलंट. ते ह्यांनी स्वतः भरलं, टाकीवर कागदी टेपचा तुकडा लावला आणि हिशेबाच्या वहीतल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'पाणी भरले. मे 2020.'

जानेवारी 2022 मध्ये हे गेले.

असल्या कूलंटचं आयुष्य साधारण वर्ष-दोन वर्षांचं असतं. त्यात गंज रोखणारं आणि जीवजंतू मारणारं द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू संपतं. मुलाला हे माहीत होतं. पण दर वेळी 'या कामातून मोकळा झालो की बदलतो' असं म्हणून तो पुढे ढकलायचा. मीही कधी टोकलं नाही. त्या टाकीतलं पाणी बाबांनी भरलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

बिघाड

यंदाच्या जूनमध्ये कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. मुलगा आता स्वतःचं काम करतो. एका माहितीपटाचं संकलन दहा दिवसांत द्यायचं होतं. पंखे विमानासारखे घोंघावायचे आणि पडदा काळा व्हायचा.

मी म्हटलं, "आधी आकडे दाखव." त्याने पडद्यावर दोन तापमानं दाखवली. पाण्याचं 33 अंश, चिपचं 97. रोग शोधण्यातली ही पहिली पायरी, आणि ती फुकट आहे. पाणीही तापलेलं असतं तर मी रेडिएटरकडे किंवा पंख्यांकडे बोट दाखवलं असतं. इथे पाणी गार आणि चिप पेटलेली. म्हणजे उष्णता चिपमधून पाण्यात उतरतच नव्हती. अडथळा मधल्या तांब्याच्या ठोकळ्यात होता. टाकीत पडणारी धारही बारीक झाली होती, म्हणजे खाचा तुंबल्या होत्या.

मग बॅटरी मारून नळ्या पाहिल्या. पारदर्शक नळ्यांच्या आतून हिरवा थर होता.

"शेवाळ," मुलगा म्हणाला. "ब्लीच घालून फिरवतो, एका तासात साफ."

मी मात्र हिरवं पाहून दुसराच विचार केला. आपल्या घरांत हिरवं म्हटलं की आधी तांबं आठवतं. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं तर ते कळकतं, हे आईने लहानपणी दहा वेळा बजावलेलं असतं. आंबट पदार्थ धातू खातो, हिरवट कळंक उतरतो आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. म्हणून तर गल्लीत कल्हईवाला आला की सगळ्या आळीची भांडी बाहेर यायची. त्याचा तो भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं चकचकीत कथील! कल्हई म्हणजे दुसरं काय, तांबं आणि अन्न यांच्यामध्ये घातलेली एक पातळ भिंत.

"हे शेवाळ असेल, नाहीतर तांब्याचा कळंक असेल," मी म्हटलं. "दोन्हींवर औषध वेगळं आहे. आणि ब्लीच तर धातूला खातं. आधी ओळखू या, मग घासू या."

"आई, माझ्याकडे दहा दिवस आहेत."

"मला एक रात्र दे."

पाच बरण्या

वीज बंद केली, प्लग काढला, खाली परात ठेवली आणि सगळं पाणी काढलं. जॅमच्या पाच रिकाम्या बरण्या धुऊन त्यांवर आकडे घातले. पहिल्या बरणीत टाकीतलं पाणी. दुसरीत नळीतून खरवडलेला हिरवा थर. तिसरीत ठोकळा उघडल्यावर खाचांत सापडलेला लगदा. हा लगदा हिरवा नव्हता, पांढरट होता, साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट. तो पाहून मी पहिल्यांदा थबकले.

चौथ्या बरणीत मुद्दाम किचनच्या किटलीतला पांढरा क्षार खरवडून घेतला. लंडनचं पाणी चुनखडीच्या खडकांतून येतं आणि चांगलंच जड असतं, हे इथे चहा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाचवीत देवापुढच्या तांब्याच्या गळ्याशी साचलेला हिरवा कळंक. ज्या गोष्टीचा संशय आहे तिचा खात्रीचा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय चाचणीला अर्थ नसतो, हे प्रयोगशाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. आता देवच साक्षीला बसले.

चाचण्या अगदी घरगुती होत्या. पहिली बोटांची, हातमोजे घालून. नळीतला हिरवा थर बुळबुळीत लागला, पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवरून पाय घसरतो तसा. तांब्याचा कळंक खरखरीत होता.

दुसरी उजेडाची. हिरवा थर नळ्यांच्या खिडकीकडच्या बाजूला दाट होता, भिंतीकडच्या बाजूला जवळजवळ नव्हताच आणि ठोकळ्याच्या आत, जिथे उजेड पोचत नाही तिथे, मुळीच नव्हता. गंजाला उजेड लागत नाही. शेवाळाला लागतो. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या काळोखाला कंटाळून मुलाने टेबल कोपऱ्यातून दक्षिणेच्या खिडकीशी हलवलं होतं, ते तेव्हा दोघांनाही आठवलं.

तिसरी स्पिरिटची. औषधांच्या दुकानात मिळतं ते सर्जिकल स्पिरिट दोन नमुन्यांवर ओतून झाकण लावून ठेवलं. पानांचा आणि शेवाळाचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, स्पिरिटमध्ये उतरतो. तांब्याचा कळंक उतरत नाही. कूलंट मुळात रंगहीन होतं, म्हणून त्याच्या रंगाने फसण्याची भीती नव्हती.

चौथी व्हिनेगरची. किटलीचा क्षार व्हिनेगरमध्ये फसफसतो. तांब्याचा कळंक विरघळून निळसर-हिरवा होतो. आणि पाचवी, माझी आवडती, अमोनियाची. पाण्यात तांबं उतरलेलं असेल तर त्यात पुरेसा अमोनिया घालताच गडद निळा रंग येतो, शाईसारखा. खिडक्या सताड उघडून, थेंब थेंब मोजून आणि ब्लीचची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून ही चाचणी केली. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. हे कुणी विसरू नये.

बरण्या रात्रभर सिंकजवळ ठेवल्या.

टोपाथखालची वीज

सकाळी स्पिरिट मुरायला अजून वेळ द्यावा म्हणून मी मुलाला फिरायला बाहेर काढलं. भारतातून पाहुणे आले की आमचा एक ठरलेला रस्ता आहे. कॅमडेन लॉकपासून रीजेंट्स कॅनॉलच्या काठाने चालायचं आणि प्रिमरोज हिलकडे वर चढून 10, किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर दाखवायचं. 1921-22 मध्ये ते तिथे राहत होते आणि 2015 साली महाराष्ट्र सरकारने ती वास्तू विकत घेतली. आम्ही त्याच रस्त्याने निघालो.

कॅनॉलच्या कडेला हिरवा गालिचा पसरला होता. मुलगा म्हणाला, "बघ, इथेही शेवाळ."

मी खाली वाकून दाखवलं. ती इवल्या इवल्या पानांची तरंगणारी झाडं असतात, शेवाळ नव्हेच. आणि हॅम्पस्टेड हीथच्या तळ्यांवर उन्हाळ्यात ज्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या सूचना लागतात, कुत्र्यांना पाण्यात सोडू नका म्हणून, तेही खरं शेवाळ नाही. ते जिवाणू आहेत. घराच्या आसपास तीन हिरव्या गोष्टी आणि तिन्हींची जात वेगळी.

"आणि आपण आत्ता कशावरून चालतोय माहीत आहे?" मी विचारलं. हा कॅनॉल पॅडिंग्टनपासून कॅमडेनपर्यंत 1816 मध्ये सुरू झाला आणि 1820 मध्ये थेट लाइमहाउसपर्यंत पोचला. मालवाहू होड्या ओढणारे घोडे ज्या वाटेने चालायचे, तोच हा टोपाथ. 1979 मध्ये सेंट जॉन्स वुड ते सिटी रोड या पट्ट्यात टोपाथखाली 400 किलोव्होल्टच्या वीजवाहक केबल टाकल्या. जमिनीत पुरलेली केबल तापते, तिला वारा लागत नाही. म्हणून कॅनॉलचंच पाणी पंपाने फिरवून तिला गार ठेवतात. मुलगा थांबून पायाखालच्या फरशांकडे बघत राहिला. इतकी वर्षं या वाटेवरून शाळेत गेला होता तो. त्याच्या टेबलावरच्या यंत्रासारखंच, पण कितीतरी मोठं यंत्र त्याच्या पायाखाली चालू होतं.

बाकावर बसल्यावर मी त्याला हम्फ्री डेव्हीची गोष्ट सांगितली. त्या काळी इंग्रजी आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. समुद्राच्या पाण्याने तांबं झिजायचं आणि खर्च फार यायचा. 1824 मध्ये डेव्हीने उपाय सुचवला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात असले की त्यांची बॅटरी होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून करतात तशीच. या बॅटरीत दुबळा धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. कोचीनला बांधलेल्या 'समरंग' या जहाजावर हा प्रयोग झाला. तांबं खरोखर वाचलं. पण झालं असं, की वाचवलेल्या तांब्यावर समुद्री शेवाळ आणि शिंपले धरायला लागले, जहाजं जड आणि संथ झाली आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. झिजणारं तांबं पाण्यात थोडं थोडं उतरत होतं, तेच शेवाळाला मारत होतं. आपल्याकडे द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारतात, ते याच तांब्याच्या जोरावर.

"म्हणजे तांब्याच्या यंत्रात एवढं शेवाळ वाढलंय, तर तांबं फारसं गंजलेलं नाही?" मुलाने विचारलं.

"तशी शंका येते. पण शंकेवर निकाल देत नाहीत. चल, बरण्या बघू."

निकाल

नळीतल्या थरावरचं स्पिरिट स्वच्छ पोपटी झालं होतं. तांब्याच्या कळंकावरचं स्पिरिट तसंच, पाण्यासारखं. म्हणजे हिरवं ते शेवाळच. मुलगा बरोबर होता.

टाकीतल्या पाण्यात अमोनिया घातला. निळं काही आलं नाही. देवापुढच्या तांब्याच्या कळंकाचं व्हिनेगरमधलं द्रावण मात्र त्याच अमोनियाने शाईसारखं निळंशार झालं. म्हणजे चाचणी ठीक होती आणि पाण्यात सांगण्यासारखं तांबं नव्हतं. मी चूक होते.

पण शेवाळ ठोकळ्याच्या खाचांपर्यंत गेलंच नव्हतं. चिप तापत होती ती त्या पांढऱ्या लगद्यामुळे. आम्ही कालपासून हिरव्यावरून वाद घालत होतो आणि खरा रोग पांढरा होता.

पांढऱ्याचे संशयित तीन. एक, पाण्याचा क्षार. किटलीचा क्षार व्हिनेगरमध्ये सोड्यासारखा फसफसला. लगद्यातून एक बुडबुडाही आला नाही. दोन, मऊ प्लॅस्टिकच्या नळ्यांतून झिरपणारं, त्यांना लवचीक ठेवणारं द्रव्य. ते मेणासारखं तेलकट असतं. लगदा तेलकट नव्हता. तीन, ॲल्युमिनियमचा गंज. तो लोखंडासारखा तांबडा नसतो. पांढरा, जेलीसारखा असतो. कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वात, लगदा हळूहळू, फेस न येता विरघळला.

पण ॲल्युमिनियम आलं कुठून? ठोकळा तांब्याचा, जोड पितळेचे.

मी रेडिएटर उचलला. तो हलका लागला. मनात आलं ते बोलण्याआधी मी दोन मिनिटं तो तसाच हातात धरून उभी राहिले. मग चाकूने कोपऱ्यातला काळा रंग खरवडला. तांबं असतं तर लाल दिसलं असतं, पितळ असतं तर पिवळं. आत चंदेरी पांढरं दिसलं. आत बॅटरी मारली तर बारीक खड्डे पडलेले, आणि काही खड्ड्यांच्या तळाशी तांब्याचे लालसर ठिपके. तांब्याचे अगदी थोडे कण पाण्यातून येऊन ॲल्युमिनियमवर बसतात, तिथे लिंबातल्यासारखी चिमुकली बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियमला भोक पडत जातं. आणखी थोडे महिने गेले असते तर ते पाणी चालू यंत्रावर सांडलं असतं.

मुलगा खुर्चीत बसला. "म्हणजे बाबांनीच," एवढंच म्हणाला.

तेव्हा मला माझं सांगावं लागलं. "नुसत्या बाबांनी नाही," मी म्हटलं. नळ्यांतून थोडं थोडं पाणी उडतं. गेल्या दोन वर्षांत टाकीची पातळी खाली गेलेली दिसली की मी तो घरी नसताना झाकण उघडून पाणी घालत होते. चार-पाच वेळा. टेप दिसेपर्यंत पाणी भरलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. नळाचंच पाणी, पण उकळून गार केलेलं. मला वाटलं, तेवढं शुद्ध पुरे. मी रसायनशास्त्र शिकवलेली बाई! उकळल्याने पाण्यातलं क्लोरीन उडून गेलं, म्हणजे शेवाळाला रोखणारं होतं ते गेलं. क्षार मात्र राहिले. इथल्या नळाच्या पाण्यात फॉस्फेट मिसळतात, जुन्या शिशाच्या पाइपांतून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून. माणसांना ते उत्तम आणि शेवाळालाही उत्तम, कारण फॉस्फेट हे त्याचं खत आहे. शिवाय पाण्यातली क्लोराइडं ॲल्युमिनियमला पोखरायला मदत करतात. आणि दर वेळी मूळचं कूलंट पातळ होत गेलं ते वेगळंच.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटायचं, बाबांनी भरलेलं पाणी इतकी वर्षं जसंच्या तसं राहिलंय. मी बदलत नव्हतो ते त्यामुळेच."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणून तर सांगितलं नाही."

मग आम्ही टेबलावर कागद घेऊन हिशेब मांडला. हे असते तर असंच केलं असतं. रेडिएटर बाबांचा. उजेड मुलाचा आणि पाणी न बदलणंही त्याचंच. नळाचं पाणी माझं. यातली कोणतीही एकच गोष्ट झाली असती तर यंत्र कदाचित आणखी बरीच वर्षं चाललं असतं. पहिली तीन-साडेतीन वर्षं तो चुकीचा रेडिएटर असूनही ते बिनतक्रार चाललं, ते बाबांनी भरलेल्या चांगल्या कूलंटमुळे. हेही जमेच्या बाजूला लिहिलं. ह्यांचा एक नियम होता. वहीत चूक सापडली की ती खोडायची नाही, शेजारी लाल शाईने बरोबर आकडा लिहायचा.

घासणं

पुढचे दोन दिवस दिवाळीच्या साफसफाईसारखे गेले. ठोकळा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवला आणि मऊ टूथब्रशने खाचा घासल्या. आतलं तांबं गुलाबी आणि अगदी शाबूत निघालं, चिंचेने घासलेल्या ताम्हनासारखं. डेव्हीच्या जहाजासारखं ॲल्युमिनियमने स्वतः झिजून ते वाचवलं, की कूलंटमधल्या औषधाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्हींचा हातभार असेल. ठोकळा शेवटी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने तीनदा धुतला. नळ्या टाकून दिल्या. टाकी फक्त साबणाने धुतली, कारण ॲक्रिलिकला स्पिरिट लावलं तर बारीक तडे जातात. नवा रेडिएटर तांब्या-पितळेचा आणला, आणि या वेळी विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारून कोपरा खरवडून पाहिला. कूलंट नवं, तयार. मग यंत्राला वीज न देता नुसता पंप चोवीस तास चालवला आणि प्रत्येक जोडाखाली पेपर टॉवेल ठेवला. सगळे कोरडे निघाले. चालू केल्यावर पूर्ण ताणावर चिप 68 अंशांवर थांबली. माहितीपट वेळेत गेला.

जुनं पाणी दोन लिटरच्या बाटलीत राहिलं होतं. कॅनॉल घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि आपल्या मनाला पाण्यात सोडण्याची सवय असते. पण कूलंट विषारी असतं. माशांना आणि बदकांनाही. म्हणून ते रसायनांच्या कचऱ्यात द्यायचं ठरवलं. मुलाने बाटली स्वतः उचलली आणि स्वतः जाऊन दिली. परत आल्यावर त्याने मला चहा करायला सांगितला आणि त्या विषयावर पुढे काही बोलला नाही.

तुमच्या घरी कुणाचा असा कॉम्प्युटर असेल तर एवढं लक्षात ठेवा. यंत्र तापलं तर आधी पाण्याचं आणि चिपचं तापमान वेगवेगळं बघा. हिरवं दिसलं तर ते उजेडाच्या बाजूला आहे का आणि बुळबुळीत आहे का ते पाहा. पांढरं दिसलं तर हिरव्यापेक्षा जास्त काळजी करा. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदवू नका. पातळी खाली गेली तर त्याच जातीचं कूलंट घाला, नळाचं पाणी नाही. उकळलेलं तर नाहीच. यंत्र खिडकीपासून दूर ठेवा. आणि पाणी वेळेवर बदला, ते कुणीही भरलेलं असो.

टाकीवरची जुनी टेप मुलाने काढली नाही. तिच्या खाली दुसरी लावली आणि तिच्यावर लाल पेनने लिहिलं: 'रेडिएटर बदलला. पाणी नवीन.' खाली पुढची तारीख घालायची होती. मी म्हटलं, "दिवाळीच्या आधीचा रविवार घाल. भांडी घासायला काढते तेव्हाच तुझंही काढू, दर वर्षी." यंदा तो रविवार आला तेव्हा आम्ही झाकण उघडून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, नळ्या पारदर्शक. मग त्याने बाह्या सरसावल्या आणि ताम्हन घासायला घेतलं.